बादलीतला वेत

"ताई, आधी ते साप बाहेर काढ!"

"साप नाहीत, वेत आहे. आणि ओरडू नकोस, भिंती पातळ आहेत इथल्या."

"मला अंघोळीला बादली हवीय. पाणी जायला आलंय!"

"तांब्या आहे ना? नळाखाली बस. लहानपणी बसायचास की."

कमरेला टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दारात उभा असलेला भाऊ आता लहान राहिला नव्हता. एका कंपनीच्या मोठ्या गोदामाचा तो प्रमुख होता. हाताखाली माणसं होती, डोक्यावर टक्कल होतं आणि या क्षणी अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता. घरातल्या एकुलत्या एक मोठ्या बादलीत वेताच्या लांब, पिवळट पट्ट्यांची वेटोळी निवांत पहुडली होती, आणि बादलीशेजारी स्टुलावर त्याची थोरली बहीण पदर खोचून राखणीला बसल्यासारखी बसली होती.

"अर्धवट भिजलेला वेत वळवला की तडकतो," ती म्हणाली. "घटकाभर थांब."

"ऑफिसात काय सांगू? वेत भिजत होता म्हणून उशीर झाला?"

"सांग. खरं बोलायला कसली लाज?"

"वन्सं, द्या हो त्यांना बादली," स्वयंपाकघरातून भावजयीचा आवाज आला. "वेत कपड्यांच्या टबात घाला."

"टबात माझा ड्रेस भिजतोय!" आतल्या खोलीतून भाची ओरडली. "त्याला पिवळा डाग पडला ना आत्या, तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"आत्ता तरी कुठे बोलतेस? कानात बोळे घालून बसलेली असतेस."

शेवटी भावानेच बादली उचलली आणि तशीच गॅलरीकडे नेली. निम्मं पाणी वाटेत सांडलं. गॅलरीत बादली आपटून तो वळला, आणि तिथेच थांबला. कठड्याला टेकून एक लाकडी खुर्ची उभी होती. उंच पाठीची, जुन्या घडणीची, चांगल्या लाकडाची. फक्त तिला बूड नव्हतं. चौकटीभोवतीची भोकं टोकरून स्वच्छ केलेली होती आणि मधून खालची फरशी दिसत होती.

"ही कुणाची?"

"समोरच्या डॉक्टरांची," आत्या मागून येत म्हणाली. "विणायला दिलीय."

"तुला? त्यांची भाषा तुला येत नाही, तुझी त्यांना येत नाही. काय बोलले?"

"बोलायचं काय त्यात? बाहेर ठेवली होती."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. त्यांच्या दाराबाहेर."

भाऊ काही बोलणार एवढ्यात भावजय हातात फोन घेऊन आली. इथली लिपी घरात तिलाच धड वाचता यायची. ती फोनकडे बघत होती, मग खुर्चीकडे, मग परत फोनकडे.

"अहो," ती म्हणाली, "बिल्डिंगच्या ग्रुपवर आलंय. चौथ्या मजल्यावर डॉक्टरांच्या दारातली खुर्ची काल दुपारपासून नाही. कुणी पाहिली असल्यास कळवावं. खाली सेक्रेटरींनी लिहिलंय, कॅमेरा तपासतो."

भाचीसुद्धा कानातले बोळे काढून बाहेर आली. चौघांनी मिळून खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीला लपवायला काहीच नव्हतं, बूडसुद्धा.

"हे एवढंच राहिलं होतं," भाऊ हळूच म्हणाला. फेस वाळून त्याच्या गालावर भेगा पडल्या होत्या. "नवीन गाव, नवीन माणसं, आणि आपली ओळख काय, तर खुर्चीचोर."

"चोर खुर्ची नेतो आणि विकतो. विणत बसत नाही."

"ताई, पुरे. रविवारी मी गावाकडच्या घरमालकांना सांगून टाकतो, तुझी खोली राहू द्या म्हणून. तू आपली परत जा. तुझं तिकडंच बरं आहे."

आत्याने कमरेची कापडी पिशवी चाचपली. तिच्यात त्या खोलीची किल्ली होती.

---

आत्याला आत्या म्हणणारी खरं तर एकच, तिची भाची. पण तिकडे, आधीच्या गावात, सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. तिच्या वडिलांचं खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायचं दुकान होतं. आई लवकर गेली. भाऊ तेव्हा रांगत होता, म्हणून वडील तिलाही दुकानात बसवून घ्यायचे, एका मांडीवर भाऊ आणि दुसरीवर वेत. पुढे लग्न झालं, थोड्याच वर्षांत नवरा गेला, आणि ती परत त्याच दुकानात, त्याच जागी येऊन बसली. भावाचं शिक्षण त्या दुकानातून झालं. वडिलांमागं दुकान गेलं तेव्हा तिने एक खोली भाड्याने घेतली. पुढे ओटा होता, ओट्यावर उजेड होता, तिला आणखी काही नको होतं.

शाळेच्या, दवाखान्याच्या, कोर्टाच्या खुर्च्या तिच्या हाताखालून गेल्या. त्या गावात वेताची खुर्ची फाटली की माणसं निरोपबिरोप पाठवत नसत. खुर्ची दाराबाहेर ठेवायची, बस्स. आत्या सकाळी फेरी मारायची, बाहेर दिसली की खांद्याला अडकवून न्यायची, आणि विणून झाली की त्याच जागी ठेवून यायची. त्या गावात दाराबाहेरची खुर्ची याचा दुसरा अर्थच नव्हता. कुणाला पाहुण्यांसाठी खुर्ची बाहेर टाकायची असली तर माणूस आधी सांगून ठेवायचा, "आत्या, आज नेऊ नका बरं, आज बसायचंय."

मग भावाची बदली झाली. दुसरं राज्य, दुसरी भाषा, आणि शहर एवढं मोठं की भाऊ म्हणाला, "ताई, याला वेसच नाही." तिला एकटीला मागं ठेवायचं त्याच्या जिवावर आलं. "चल आमच्याबरोबर. नाही आवडलं तर परत ये. खोली राहील तुझी." घरमालकही भला माणूस. तो म्हणाला, कुलूप लावून जा, कळवा सावकाश. आता त्याच्या घरात सून यायची होती, खोली हवी होती. रविवारपर्यंत काय ते सांगा, असा त्याचा फोन आला होता.

ट्रकमध्ये सामान भरताना भावजयीने वेताचा भारा पाहिला होता. "वन्सं, तिथं कोण बसतं हो वेताच्या खुर्चीवर?"

"कुणी नाही बसलं तर मी बसेन," आत्या म्हणाली आणि भारा गाद्यांच्या मधे खुपसला.

भावजयीचं खरं ठरलं होतं. या शहरात खुर्च्या प्लॅस्टिकच्या, नाहीतर फोमच्या. मोडली की फेकली. भारा पलंगाखाली गेला. सगळे कामाला गेले की आत्या रिकामी. इथं कुणाचं दार उघडं नसायचं. लिफ्टमध्ये एक बाई मजल्याचं नाव सांगायची, तिला आत्या पहिले काही दिवस "हो गं बाई" म्हणायची, मग कळलं की यंत्र आहे. सगळे मजले एकसारखे. एकदा ती पाचव्या मजल्यावर उतरली, दारातल्या चपला वेड्यावाकड्या बघून "काय ही शिस्त" म्हणत सगळ्या जोडीने लावल्या, बेल दाबली, आणि दार उघडणाऱ्या परक्या बाईला म्हणाली, "तू कोण?"

भावजय मात्र बघता बघता रुळली. भाजीवाल्याशी घासाघीस करता करता भाषा शिकली, डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर नोकरीही लागली. भाचीला मैत्रिणी मिळाल्या. भावाचं कसं चाललंय ते कळत नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "उत्तम."

अशात काल दुपारी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला आत्याने दार उघडलं, आणि समोरच्या दाराबाहेर तिला खुर्ची दिसली. वेताची. मधोमध खचलेली, जाळी तुटलेली, तुटलेल्या जागी कुणीतरी निळी प्लॅस्टिकची दोरी आडवी-उभी बांधून डागडुजी केलेली. खुर्ची तिथे रोजच असणार, पण त्या दुपारपर्यंत तिची आणि आत्याची गाठ पडली नव्हती. आत्याने खुर्चीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "आले गं, आले."

---

"आता असं करू," भाऊ शर्टाची बटणं लावत म्हणाला. "मी लिफ्ट अडवून धरतो, तू पटकन ठेवून ये. कुणी बघायच्या आत."

"अशी? बूड नसलेली?"

"असू दे."

"एवढ्या वर्षांत मी अर्धी खुर्ची कुणाच्या दारात ठेवलेली नाही. आणि ठेवली आणि ते न बघता बसले तर? आत अडकतील. मग काय, अग्निशमनवाल्यांना बोलवशील?"

भाचीला हसू आवरेना. भावजय दाराकडे तोंड करून उभी राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

"हसा," भाऊ म्हणाला. "ग्रुपवर माफी मलाच मागावी लागणार आहे."

"तू कशाला? खुर्ची मी आणली, मीच सांगते." आत्याने खुर्ची उचलली, खांद्याला अडकवली आणि दार उघडून सरळ समोरची बेल दाबली.

डॉक्टर दातांचे. आता निवृत्त, एकटेच राहायचे. उंच, किडकिडीत, पायात मोजे आणि हातात पांढरे कॅनव्हासचे बूट. दार उघडताच त्यांनी आधी खुर्ची पाहिली, मग खुर्चीच्या चौकटीतून पलीकडे दिसणारी आत्या. त्यांच्या तोंडून जे निघालं ते आत्याला शब्दाने कळलं नाही, पण सुराने कळलं.

भावजय खांद्याला पर्स अडकवत मागोमाग आली. तिला दवाखान्यात जायची घाई होती. "वन्सं, पटकन सांगा काय सांगायचंय, माझी बस जाईल."

"सांग, आमच्याकडे खुर्ची बाहेर ठेवली म्हणजे विणायची असते. म्हणून नेली. दोन दिवसांत देते."

भावजयीने सांगितलं. डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं.

"ते म्हणतात, मी बाहेर ठेवतो ती बूट घालायला. रोज फिरायला जाताना त्यावर बसून बूट घालतो, आल्यावर काढतो. चपलाबूट घरात नेत नाही. काल संध्याकाळपासून भिंतीला धरून एका पायावर उभा राहतोय. या वयात."

"अरे देवा," आत्या म्हणाली. ती खुर्ची तिथेच ठेवून घरात गेली आणि बाथरूममधलं स्वतःचं स्टूल घेऊन आली. ते तिने डॉक्टरांच्या दाराशेजारी, भिंतीला टेकवून, नेमकं खुर्चीच्या जागी ठेवलं. वर हात फिरवून पुसलं. "तोवर यावर बसा म्हणावं. माझं आहे. डुगडुगत नाही."

भावजयीला सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनी स्टुलाकडे पाहिलं, मग सावकाश त्यावर बसले. बूट घातला. नाडी बांधली. दुसरा घातला. उठताना चेहरा जरा सैल झाला होता. जाता जाता त्यांनी खुर्चीच्या रिकाम्या चौकटीकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, निळी दोरी कुठाय? ती त्यांनी स्वतः बांधली होती."

"सांग, जपून ठेवलीय. गाठी एकदम पक्क्या होत्या म्हणावं, सोडवताना माझी नखं गेली."

भावजयीने सांगितलं तसे डॉक्टर पहिल्यांदा हसले. दात त्यांचे स्वतःचे होते की नाही, कोण जाणे, पण सुरेख होते.

---

त्या दिवशी आत्याने उभे धागे ओढले. गॅलरीत उजेडाला बसून, भोकात वेताची पट्टी घालायची, ओढायची, सैल पडू नये म्हणून लाकडाची खुंटी ठोकायची, पुढच्या भोकातून वर काढायची. उभे झाले की आडवे, मग पुन्हा उभे, मग एकाखालून एकावरून आडवे. शेवटी तिरपे, दोन्ही अंगांनी. तिरपे पडले की चौकोनी भोकं अष्टकोनी होतात आणि जाळी जाळीसारखी दिसायला लागते. तोवर नुसता गोंधळ दिसतो. शिकताना वडील तिला म्हणायचे, तिरपे घातल्याशिवाय खुर्चीला नावं ठेवू नये.

भावजय संध्याकाळी आली ती वाळलेले कपडे काढायला गॅलरीत आली आणि कपडे हातात घेऊन तिथेच टेकली.

"वन्सं, एक सांगू? तुमच्या भावाला सांगू नका."

"बोल."

"ते डबा गोदामाबाहेर गाडीत बसून खातात. एकटे. तिथले लोक यांच्या बोलण्याची नक्कल करतात म्हणे. वाईट नाहीत, थट्टाच करतात, पण यांना लागतं. मला त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं."

"मला तर उत्तम म्हणतो."

"मलाही उत्तमच म्हणतात. घरात आले की पहिला फोन तिकडचा. कुणाची मुलगी पास झाली, कुणाच्या घराला रंग दिला. मला वाटतं हे इथं फक्त झोपायला येतात."

आत्याने खुंटी ठोकली. "आणि तू? मी गेले तर तुला बरं का वाईट? खरं सांग."

भावजयीने एका टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "खरं सांगू? तुमच्याबरोबर एका खोलीत अभ्यास होत नाही म्हणून पोर कुरकुरते. सकाळी बादलीवरून भांडण होतं. पण दवाखान्यातून येताना खालून गॅलरीत तुम्ही दिसता ना, तेव्हा घरी आल्यासारखं वाटतं. आता यावर मला आणखी बोलायला लावू नका."

गुरुवारी संध्याकाळी आत्या आडव्यांवर होती. भाऊ कामावरून आला आणि ती आत आहे असं समजून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, धुतलेल्या चादरीपलीकडे, फोनवर बोलू लागला. पलीकडे घरमालक होते, हे आवाजावरून कळत होतं.

"कुलूप नीट आहे ना?... ओट्यावर दिवा लावता ना संध्याकाळी? लावत जा हो, मी बिल देईन... एक फोटो पाठवाल का? नाही नाही, ताईला नको. मला पाठवा."

मग त्याने फोन ठेवला. थोड्या वेळाने फोटो आल्याचा आवाज झाला. चादरीवर त्याची सावली दिसत होती. फोन डोळ्यांजवळ धरून तो उभा होता. एक खोली, एक ओटा आणि एक कुलूप. एवढंच तर होतं त्यात. तो पाहत राहिला, पाहत राहिला. आत्याच्या हातातली पट्टी वाळायला लागली तरी तिने ती पाण्यात बुडवली नाही, आवाज झाला असता.

शुक्रवारी सगळे गेल्यावर आत्याने पिशवी घेतली आणि एकटीच खाली उतरली. लिफ्टमधल्या बाईला या वेळी ती काही बोलली नाही. रस्ता ओलांडायला तिला बराच वेळ लागला. शेवटी एका गरोदर बाईच्या मागोमाग ती निघाली, कारण तिच्यासाठी गाड्या थांबत होत्या. संध्याकाळी भाचीने विचारलं, "आत्या, दुपारी फोन केला तर उचलला नाहीस?"

"बाहेर गेले होते."

"एकटी? कशाला?"

"कात्रीला धार लावायला," आत्या म्हणाली. कात्री खरोखरच लखलखत होती, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही.

---

शनिवारी सकाळी खुर्ची तिच्या जागेवर गेली. आत्याने कडेला जाड वेताची किनार बसवली होती आणि निळी दोरी गुंडाळून, गाठ मारून, बैठकीवर ठेवली होती. डॉक्टर बाहेर आले. आधी दोरी उचलून खिशात टाकली. मग खुर्चीवर बोटांनी दाबून पाहिलं, जसं कुणाच्या हिरडीवर दाबत असावेत. मग बसले. उठले. पुन्हा बसले. आणि आत्या तिचं स्टूल उचलायला वाकली तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं, फोन काढला आणि खुर्चीचा फोटो घेतला. मग आत्याचा. ती पदर सारखा करेपर्यंत तो काढूनही झाला होता.

"आई गं," दुपारी भाची फोन बघत किंचाळली. "ग्रुपवर आत्या! काय लिहिलंय गं यात?"

भावजयीने वाचलं. "चोर सापडला. खुर्ची नवी होऊन परत आली. ज्यांची हरवायची असेल त्यांनी दाराबाहेर ठेवावी."

 भावाने ते भावजयीकडून आणखी एकदा वाचून घेतलं, एकेका अक्षरावर बोट ठेवत.

आणि रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर तो कशावर तरी आपटला. त्यांच्या दाराबाहेर एक झुलती आरामखुर्ची उभी होती, पाठीची जाळी फाटलेली. तिच्याशेजारी एक बाळाचा वेताचा पाळणा. आणि त्याच्या पलीकडे एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची, पाय तडकलेली.

"ताई!" तो गुडघा चोळत ओरडला. "प्लॅस्टिक पण विणतेस का आता?"

"ती कुणाची?"

"कागद लावलाय. पाचवा मजला."

"चपलावाली," आत्या म्हणाली. "तिला नाही म्हणता यायचं नाही. बघू, दोरीने बांधून देऊ. डॉक्टरांना सांगते, त्यांच्या गाठी चांगल्या असतात."

तिन्ही वस्तू आत आल्या. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. भाची पाळण्यात पुस्तकं ठेवून बसली. भाऊ आरामखुर्चीच्या कडेकडेने सोफ्यापर्यंत पोचला, फोन हातात घेतला आणि घसा साफ केला.

"हे सगळं ठीक आहे. पण आज रविवार. घरमालक वाट बघत असतील. मी त्यांना सांगतो, खोली राहू दे. म्हणजे ताई, तू लगेच जा असं नाही. पण आपलं तिथं काहीतरी असावं."

"आपलं म्हणजे कुणाचं?" भावजयीने विचारलं. "वन्संना विचारलंत का?"

"तिच्यासाठीच तर चाललंय! इथं तिला कोण आहे? दोन खुर्च्या आल्या म्हणजे काय गाव झालं? तिथं तिला सगळे ओळखतात. उजेड आहे. ओटा आहे. संध्याकाळी ओट्यावर दिवा लागतो, समोरून कुणी ना कुणी जातं, हाक मारतं, काय कसं काय म्हणतं..." तो हातातल्या फोनकडे बघू लागला. "माणसाला आणखी काय लागतं?"

 भाचीने पुस्तक मिटलं.

"बाळ्या," आत्या म्हणाली. टक्कल पडलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. "ती खोली मला नकोय. तुला हवीय."

"मला? मी कशाला..."

"फोटो तू मागवलास. दिव्याचं बिल तू भरणार. मी ओट्यावर बसले की तू इथं गाडीत बसून डबा खायला मोकळा. मनात म्हणशील, आपलं घर तिकडे आहे, इथं काय, चार दिवस काढायचेत. असं अर्धं भिजून वळलं की तडकतं रे माणूस."

भावाने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने छताकडे पाहिलं.

"गाडीतलं तुला कुणी..." तो म्हणाला, आणि मग एकदम तावातावाने, "आणि त्यांना काय होतंय हसायला! मी एक शब्द बोललो की सगळे तोच शब्द दिवसभर घोळतात."

"मग दोन बोल. मला तर पाचव्या मजल्यावरची अजून हसते. हसते आणि खुर्ची पाठवते."

भाऊ सोफ्यावर मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली, पुष्कळ खाली, फेस धुतल्यावर दिसतो तसा लहानपणीचा चेहरा होता. "तरी खोली सोडायची म्हणजे..." तो पुटपुटला. "नीट विचार करू. आजच्या आज कशाला. मी त्यांना आणखी मुदत मागतो." आणि त्याने फोनवर नंबर शोधायला सुरुवात केली.

आत्याने बादली ओढून घेतली, भाऱ्यातून वेत काढून तिच्यात वेटोळं करून सोडला आणि हात पुसत म्हणाली,

"फोन करू नकोस. किल्ली मी शुक्रवारी कुरियरने पाठवली, मालकांशी बोलणं झालंय, त्यांची सून पुढच्या आठवड्यात तिथं राहायला येईल. मी इथंच राहणार. गॅलरी माझी, कपडे आत वाळतील. पोरीला अभ्यासाला खोली मोकळी, मी बाहेर झोपेन. तू उद्या सकाळपासून डॉक्टरांबरोबर फिरायला जायचंस, ते भाषा शिकवतील, खुणांनी माझं ठरलंय त्यांच्याशी. आणि संध्याकाळी येताना एक मोठी बादली आण, झाकणाची. ही आता वेताची."